मागचा फळा दिसू दे

अण्णांच्या तेराव्याला शाळेतून एक पाकीट आलं. आत शोकसभेत वाचलेला मजकूर होता, टाइप केलेला, खाली चार सह्या. ‘हाडाचे शिक्षक’, ‘अजातशत्रू व्यक्तिमत्त्व’, ‘कलेचे निस्सीम उपासक’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’. आईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, “हे कुणाचं आलंय?” टोमणा नव्हता तो. दुसऱ्या कुणाचा तरी कागद चुकून आपल्याकडे आला, असं त्यांना खरोखरच वाटलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. साताऱ्यातल्या एका हायस्कूलमध्ये १९६४ ते १९९९ अशी पस्तीस वर्षं त्यांनी काढली. सेवापुस्तकात ‘चित्रकला शिक्षक’, पेठेत ‘ड्रॉईंग मास्तर’. अजातशत्रू तर ते मुळीच नव्हते. एका मुख्याध्यापकांशी त्यांनी चार वर्षं अबोला धरला होता. काही सांगायचं झालं तर चिठ्ठी लिहून शिपायाच्या हाती पाठवायचे, आणि चिठ्ठीचं अक्षर इतकं देखणं असायचं की ते साहेब म्हणे त्या चिठ्ठ्या जपून ठेवायचे. अबोल्याचं कारण एवढंच, की दहावीच्या वर्गांचे चित्रकलेचे तास गणिताला देऊन टाकले होते. मी गणिताची शिक्षिका आहे. त्याकडे पुढं येते.

वर्षश्राद्धाच्या सुमारास चित्रांचं प्रदर्शन भरवायचं आणि एक छोटी पुस्तिका काढायची असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे ह्यांनी विषय काढला, भाऊजींनी पुण्याहून फोनवर ‘बेस्ट’ म्हटलं, वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं आणि काम माझ्याकडं आलं. गणिताची बाई आहे, याद्या नीट करील. अण्णा श्रावणात गेले. पुढच्या वर्षी, २०२३ साली, अधिक श्रावण आला आणि भटजींनी तिथी निज श्रावणातली धरली, त्यामुळं मला महिनाभर जास्तीचा मिळाला. नाहीतर हे काम झालंच नसतं. शाळा चालू, पेपर तपासायचे, आणि चित्रांसाठी हातात सकाळचा तास-दीड तास, नाहीतर रविवार.

जिन्याखाली दोन ट्रंका आणि एक लाकडी पेटी होती. पहिली ट्रंक उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात शिरला तो दोन दिवस गेला नाही. चित्रांच्या मध्ये जुनी वर्तमानपत्रं घातलेली. ती वर्तमानपत्रंच घात करत होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. स्वस्त कागदातलं आम्ल शेजारच्या चांगल्या कागदात उतरतं. एका चित्राच्या पाठीवर तर बातमीचा चौकोन तपकिरी उमटलेला होता. साताऱ्याचा पावसाळा काही साधा नाही. दमट हवेनं बऱ्याच चित्रांवर तपकिरी ठिपके पडले होते, आणि कसरीनं कडा कुरतडलेल्या.

माझी पहिली चूक पहिल्याच रविवारी झाली. खालचा गठ्ठा ओलसर लागला म्हणून मी तो गच्चीवर उन्हात पसरला, पापड घालावेत तसा. तासाभरानं वर गेले तर कागदांच्या द्रोणासारख्या वाट्या झालेल्या. एक लिंबच्या बारामोटेच्या विहिरीचं चित्र होतं, कमानीतून खाली पाण्याकडं पाहिलेलं. त्याची निम्मी सावली पापुद्र्यासारखी सुटून आली. रडायलाच आलं. मग ओळखीतून एका जाणकाराला फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “ऊन नको, इस्त्री नको, चिकटपट्टी तर नकोच. सावलीत, पंख्याखाली, टीपकागदाच्या मध्ये ठेवा आणि वर सपाट वजन. घाई करू नका.” वजन म्हणून मी माझी गणिताची जुनी पाठ्यपुस्तकं ठेवली. घरात जड तेवढीच होती.

मग रजिस्टर केलं. फुलस्केप, दोनशे पानी, आडवे रकाने: क्रमांक, आकार, माध्यम, जागा, साल, अवस्था. क्रमांक चित्राच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीनं, दाब न देता. बॉलपेन वापरला की पुढच्या बाजूला वळ उठतो. हात धुऊन, कोरडे करून मगच कागदाला लावायचे. एकूण २१३ निघाली. त्यात जलरंग १२८, बाकी पेन्सिल, शाई, थोडी पेस्टल्स. बहुतेक पाव इम्पीरियल, म्हणजे साधारण अकरा बाय पंधरा इंच. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला पोरांना मिळतो तो आकार. अर्ध्या इम्पीरियलची नऊच. पूर्ण ताव एकही नाही. मी आईंना विचारलं, “मोठी चित्रं का नाही काढली अण्णांनी?” त्या म्हणाल्या, “तावाची किंमत किती होती तेव्हा, ठाऊक आहे का तुला?”

क्रमांक घालायला चित्रं उलटी करावी लागली, म्हणून पाठी दिसल्या. बऱ्याच पाठींवर बारीक अक्षरात जागा, तारीख आणि वेळ. ‘माहुली. विश्वेश्वर. स. ६.५० ते ८.०५.’ ‘चार भिंती. स. ७ ते ८.२०.’ ‘माहुली, खंड्याची समाधी. स. ७.१५ ते ८.१०. ढग आले.’ खंड्या म्हणजे साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. माहुलीच्या नदीसंगमावरची त्याची समाधी अण्णांनी पाच वेळा काढली आहे, महाराजांची एकदाच. असो.

शाळा अकराची. माहुलीहून सायकल मारत परत यायचं, अंघोळ, जेवण, शाळा. अशी शाळेआधीची वेळ लिहिलेली ९४ चित्रं होती आणि मला राहवलं नाही. सगळ्यांची सरासरी काढली. सत्तर मिनिटं. म्हणजे ही सगळी चित्रं, पस्तीस वर्षं मिळून, एकशे दहा तासांचं काम. माझ्या दहावीच्या एका वर्गाला मी वर्षभरात शिकवते त्याहून कमी. बेरीज तीनदा तपासली.

जलरंगात वेळ हीच गोष्ट असते, हे ते पोरांना सांगायचे. एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळल्याशिवाय दुसरा मारला की चिखल होतो. “पाण्याला बसू द्या रे,” हे त्यांचं वाक्य त्यांची निम्मी शाळा अजून म्हणून दाखवते. आणि स्वतः मात्र घड्याळ बघत पाणी वाळायची वाट पाहणारा हा माणूस. काही चित्रांत आकाश नीट वाळलेलं आहे आणि नदी घाईत उरकली आहे. ते डोळ्यांना आधी दिसलं नव्हतं. पाठीवरची वेळ वाचल्यावर दिसायला लागलं.

रंगांचीही एक गंमत झाली. दिवाणखान्यात खिडकीसमोर तीस वर्षं लावलेलं एक चित्र होतं, अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं गाव. आम्ही सगळे ते भर दुपारचं समजत होतो. चौकटीतून काढलं तर पाठीवर ‘सायं. ६.१०’. चित्रात संध्याकाळ कुठंच नव्हती. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, पट्टीखाली झाकलेला अर्धा इंच मात्र लालभडक होता. क्रिमसन लेकसारखे स्वस्तातले लाल रंग उजेडात उडून जातात, निळे टिकून राहतात. त्यामुळं घरात लावलेल्या सगळ्या चित्रांतून संध्याकाळ उडून गेलेली, आणि ट्रंकेत कोंडलेल्यांत ती जशीच्या तशी. दोन्ही शेजारी मांडायची असं मी तेव्हाच ठरवलं.

रजिस्टरमध्ये सालाचा रकाना भरताना एक ठिकाणी मी थबकले. वर्षाला तीन-चार, तीन-चार असं चाललेलं, आणि १९७७च्या डिसेंबरपासून १९७८च्या फेब्रुवारीपर्यंत एकदम एकतीस. वेळाही निराळ्या: ‘स. ८ ते १२.३०’, ‘दु. २ ते सूर्यास्त’. मला वाटलं आजारपणाची रजा असेल. आईंना विचारलं तर त्या हसल्या. “संप नव्हता का तो! चोपन्न दिवसांचा.” महागाई भत्त्यासाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा तो मोठा संप. शिक्षकही त्यात होते. पगार बंद, घरात दोन लहान लेकरं आणि तिसरं पोटात. आईंनी माहेरून ज्वारीचं पोतं आणलं होतं. “ह्यांना मात्र काय तोंडावर तेज आलं होतं गं. मला राग यायचा. सकाळी भाकरी बांधून घ्यायची की गेले माहुलीला. संप मिटला त्या दिवशी सगळा वाडा पेढे वाटत होता आणि हे तोंड पाडून बसलेले.”

त्यांची सगळ्यात चांगली चित्रं त्या चोपन्न दिवसांतलीच आहेत. हे माझं मत. भाऊजींना ती ‘डल’ वाटतात. त्यांत रंग कमी आहे, कारण रंग विकत घ्यायला पैसे नव्हते. पण नदीचं पाणी त्यांत थांबलेलं आहे.

लाकडी पेटीत वह्या होत्या. एक भूमितीची, चौकटीच्या पानांची, त्यावर ‘डिसेंबर ६७’. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला, साताऱ्यातही माणसं अंथरुणातून रस्त्यावर आली. शाळेनं भाकऱ्या आणि घोंगड्या गोळा केल्या आणि ट्रकबरोबर दोन तरुण मास्तर कोयनानगरला पाठवले, त्यात अण्णा एक. वहीत पडलेली घरं फारशी नाहीत. एक बाई चुलीपुढं बसली आहे, चूल उघड्यावर. एक म्हातारा खाटेखाली वाकून काहीतरी शोधतोय. भूमितीच्या चौकटी त्या म्हाताऱ्याच्या अंगावरून तशाच गेल्या आहेत.

दुसरी १९७२-७३च्या दुष्काळातली. अण्णा मूळचे खटाव तालुक्यातले, औंधच्या बाजूचे. माण-खटावातली तेव्हाची अवस्था ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको: खडीची कामं, लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, सुकडी. एका पानावर एक बाई हातोडीनं खडी फोडते आहे. तोंड दिसत नाही, पदर पुढं ओढलाय. त्या पानामागं वेळही नाही, जागाही नाही. आईंनी बघितलं आणि म्हणाल्या, “जाऊबाई माझ्या. हातावरनं ओळखल्या.”

औंधशी त्यांचं नातं निराळंच होतं. लहानपणी यमाईच्या यात्रेला गेलेलं पोरगं डोंगराच्या निम्म्यावरच्या संग्रहालयात शिरलं, ते बाहेर काढावं लागलं. श्री भवानी संग्रहालय १९३८ सालचं, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. राजा स्वतः चित्रकार. रविवर्म्याची अस्सल चित्रं, धुरंधर, आणि हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’. खटावच्या माळावर हेन्री मूर! पुढं मास्तर झाल्यावर ते दरवर्षी इंटरमिजिएटच्या पोरांना एसटीनं तिथं न्यायचे. मूरच्या त्या शिल्पापुढं पोरं हसायची, कारण त्यात आईला आईसारखं तोंड नाही. ते रागवायचे नाहीत. “दहा मिनिटं बसा. मग हसा.” दोन जणांनी मला हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यातला एक आता मेडिकलचं दुकान चालवतो. तो म्हणाला, “वहिनी, दहा मिनिटांनी हसू येत नव्हतं हो.”

एलिमेंटरी-इंटरमिजिएट म्हणजे आमच्या घरातला सण. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. वस्तुचित्राच्या सरावाला तांब्या, कपडा आणि भाजी मांडायची. भाजी अण्णा स्वतःच्या पैशांनी घ्यायचे. बघून, निवडून, मंडईत वांगं हातात फिरवत त्याच्यावरचा उजेड बघायचे आणि भाजीवाल्या मावशी वैतागायच्या. तीन दिवस तीच वांगी वर्गात मांडून झाली की चौथ्या दिवशी सुरकुतलेली घरी यायची. “जन्मभर मी मॉडेलची भाजी खाल्ली,” असं आई म्हणतात. पोरांचे पेपर मुंबईला जायचे ते परत यायचे नाहीत. त्यामुळं त्यांनी शिकवलेलं कुठंच हाती लागत नाही. निकालाच्या यादीत ए, बी, सी तेवढं.

आणि बाकी सगळी बिगारी. बक्षीस समारंभाच्या प्रमाणपत्रांवर कटनिबनं नावं. गॅदरिंगचा पडदा. मंडळांचे देखावे, लग्नपत्रिकेचा गणपती, कुणाच्या बंगल्याचं नाव. ‘नाही’ म्हणायला शिकलेच नाहीत. जिन्याच्या भिंतीवर त्यांनी पोरांना घेऊन एक मोठं चित्र रंगवलं होतं. निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत त्यावरून प्लॅस्टिक पेंटचा हात फिरला. ते मला सांगताना हे म्हणाले होते, “भिंतीला ओल आली होती म्हणे,” आणि विषय बदलला होता.

आता माझी गोष्ट. १९९७-९८ असेल. माझ्या शाळेतले चित्रकलेचे सर भिडस्त. पोर्शन मागं पडला की मी त्यांचा तास मागून घ्यायची. गणिताच्या सगळ्याच शिक्षिका घ्यायच्या, त्यात काही गैर आहे असं डोक्यातही आलं नाही. एका रात्री जेवताना मी सहज बोलून गेले, “आज ड्रॉईंगचा तास मिळाला, एक प्रमेय उरकून घेतलं.”

अण्णांनी विचारलं, “मिळाला का मागितला?”

“मागितला.”

ते थोडा वेळ भाकरी कुस्करत राहिले. मग म्हणाले, “दिला असेल त्यानं,” आणि आईंकडं ताक मागितलं. एवढंच. मला त्या रात्री आईंनी भांडी घासताना अबोल्याची हकिगत सांगितली. त्यानंतरही मी तास घेतलेच. कमी घेतले, पण घेतले. परवा रजिस्टरमध्ये ‘स. ७ ते ८.१५’ लिहिताना हे सगळं उगाच आठवत राहिलं.

पण अण्णांचं खरं काम ट्रंकेत नव्हतंच. ते फळ्यावर होतं. शाळेच्या ओसरीत सहा बाय चार फुटांचा फळा होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते तिथं थांबायचे. आधी फळा पुसायचा: कोरड्या डस्टरनं, मग ओल्या फडक्यानं, मग पुन्हा कोरड्या. कोपऱ्यांवर त्यांचा फार कटाक्ष. “कोपऱ्यात जुनी धूळ राहिली की नव्या रंगात उतरते.” रंगीत खडू वाटीतल्या पाण्यात भिजत घातलेले असायचे. ओला खडू फळ्यावर घासताना रंग जवळजवळ दिसत नाही. वाळला की उमलतो. म्हणजे काढताना अंदाजावर काढायचं. सोमवारी पोरं येतील तेव्हा जे दिसेल ते मनात बघत. एक ऑगस्टला टिळक, बावीस सप्टेंबरला कर्मवीर, तीन जानेवारीला आपल्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई. प्रसंग नसेल त्या आठवड्यात खंड्या, बेंदराचे बैल, पहिला पाऊस. पुढच्या शनिवारी ते सगळं पुसायचं, स्वतःच्या हातानं.

वर्षाला पस्तीस फळे धरले तर पस्तीस वर्षांचे बाराशे पंचवीस. एकेकाला तीन तास. साडेतीन हजार तासांच्या वर. तिकडं एकशे दहा, इकडं साडेतीन हजार, आणि त्यातलं एकही शिल्लक नाही.

मग एका रात्री ह्यांचा दहावीचा ग्रुप फोटो समोर आला. निरोप समारंभाचा, ओसरीच्या पायऱ्यांवर काढलेला. ह्यांच्या कानामागं फळ्याचा तुकडा होता. त्यावर अर्धी गांधीटोपी.

व्हॉट्सॲपवर शाळेच्या बॅचचे ग्रुप असतातच. मी निरोप टाकला: सेंडऑफचा फोटो असेल तर पाठवा. दोन दिवसांत चाळीस आले, आणि निम्मे नुसते चेहरे. लोकांनी स्वतःला कापून मोठं करून पाठवलं होतं, कुणी स्वतःभोवती लाल गोल काढलेला. मी पुन्हा लिहिलं, “तुम्ही नाही, मागचा फळा दिसू दे.” ह्यावर एक ग्रुप थोडा नाराज झाला. पण नंतर खरे फोटो यायला लागले. माळ्यावरून काढलेले, चौकटीसकट, जुन्या अकरावीचेसुद्धा. एकीनं कळवलं, “काकू, वीस वर्षं हा फोटो भिंतीवर आहे, मागं काय आहे ते मी आज बघितलं.” सगळे मिळून चौसष्ट. त्यातल्या बावीस फोटोंत फळा दिसतो. नऊ फोटोंत चित्र कळतं.

आणि सेंडऑफ जानेवारी-फेब्रुवारीतच होत असल्यामुळं फळेही त्याच दिवसांचे. सावित्रीबाई, प्रजासत्ताक दिन, गांधी, शिवाजी महाराज. पहिल्या पावसाचा एकही नाही. बैल नाहीत. एका उंच पोरानं नेमकं शिवाजी महाराजांच्या तोंडासमोर डोकं घातलंय. तो आता मुंबईत इंजिनिअर आहे, फोनवर खूप ओशाळला. कृष्णधवल फोटोंत रंगही कळत नाहीत. १९८६च्या फोटोत मात्र सावित्रीबाई पूर्ण दिसतात, कारण त्यांच्या पुढच्या दोन पोरी बुटक्या होत्या.

चौकटींचं फार लिहीत नाही. एक्केचाळीस चित्रं निवडली. काच चित्राला चिकटू नये म्हणून माउंट घालायचा हे मी चौकटवाल्याला चारदा बजावलं होतं, ते त्यानं नीट केलं. पण एका माहुलीच्या चित्राची खालची कड तयार चौकटीत बसेना म्हणून सरळ कापून टाकली. सही आणि तारीख त्या पट्टीवर. “सरळ करून दिलंय वहिनी, वाकडं होतं.” मी दुकानातल्या कातरणांच्या टोपलीत बसून अर्धा तास शोधलं आणि ती पट्टी मिळवली. आता ती रजिस्टरमध्ये ‘८८-अ’ आहे, वेगळ्या पाकिटात.

पुस्तिकेच्या मजकुरावरून घरात वाद झाला. शाळेतल्या एका ज्येष्ठ सरांनी लिहून दिलं होतं, पुन्हा तेच, अजातशत्रू. भाऊजी म्हणाले, “असू दे ना, चार लोकांत बरं दिसतं.” मी अबोल्याची गोष्ट घालायची म्हणत होते. वन्सं म्हणाल्या, “गेलेल्या माणसाचं भांडण कशाला छापायचं?” शेवटी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “भांडण छाप. साहेबांचं नाव नको. तेही गेले बिचारे.” तसंच छापलं. विशेषणं सगळी काढली आणि त्या जागी त्यांचं १९८४ सालचं वेळापत्रक टाकलं, पेटीत सापडलेलं. आठवड्याला तीस तास, पाचवी ते दहावी. दोन तास लाल शाईनं खोडलेले आणि वर दुसऱ्याच अक्षरात ‘गणित’. लाल शाई कुणाची ते वेगळं सांगायला लागलं नाही.

प्रदर्शन सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवार, शनिवार, रविवारी. हॉलच्या मधोमध आम्ही एक खराखुरा फळा उभा केला. अण्णांचे एक विद्यार्थी पेंटर आहेत. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, फ्लेक्स आल्यापासून ते काम गेलं. आता नंबरप्लेट आणि हंगामात गणपतींच्या डोळ्यांची आखणी. ऐन हंगाम होता, दीडशे मूर्ती वाट बघत होत्या, तरी गुरुवारी रात्री नऊला आले. १९८६चा फोटो मोबाईलवर मोठा करून समोर ठेवला, खडू भिजत घातले. मी विचारलं, “लुगड्याचा रंग कुठला होता हो?” म्हणाले, “हिरवा. वाटी मीच धरली होती.” दीडपर्यंत काढत होते. त्यांनी हात धुतले तेव्हा फळा मला काळाच दिसत होता. सकाळी हॉल उघडला तर हिरवं लुगडं उमललेलं.

तीन दिवस लोक आले, बोलले, रडले, फोटो काढले. बहुतेकांनी फळ्यापुढं उभं राहून काढले, आणि फळा झाकला. संपातल्या चित्रांपुढं फार कुणी थांबलं नाही. माझ्या शाळेतले ते भिडस्त चित्रकलेचे सर आले होते, आता निवृत्त झालेत. वेळापत्रकापुढं बराच वेळ उभे होते. माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, “चांगलं मांडलंय, बाई.” मी त्यांना चहा आणून दिला.

रविवारी संध्याकाळी चौकटी उतरवल्या, कापडात गुंडाळल्या. हॉलवाले काका किल्ल्या हलवत उभे. फळा हॉलचाच, तसाच्या तसा परत द्यायचा होता. ह्यांनी डस्टर घेतला आणि खाली ठेवला. वन्सं म्हणाल्या, “असू दे आजच्या दिवस.” पेंटर बाहेर बिडी ओढत होते, ते आत आलेच नाहीत.

आई खुर्चीवरून उठल्या. “उद्या सोमवार,” म्हणाल्या, आणि माझ्याकडं बादली मागितली.

ओला खडू सहज जात नाही. आधी डस्टर फिरवला, मग ओलं फडकं, पाणी हिरवं झालं, बादली बदलली, पुन्हा ओलं फडकं. त्यांचा हात पोचत होता तिथवर त्यांनी पुसलं. मग मागं सरून त्यांनी चष्मा पुसला, फळा खालून वर बघितला.

“तो वरचा कोपरा राहिला बघ,” त्या म्हणाल्या. मी स्टूल ओढलं.